हंसराजाला परत न्या

मु. करंजगव्हाण, व्हाया नेकनूर, जि. बीड
सोमवार, मे १९८७

तीर्थरूप दादा यांस,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. तुमच्या पायाचा अंगठा आता सुजत नसेल आणि वहिनींचा गुडघा जिन्यावर ओरडत नसेल, असं धरून चालते. माझी प्रकृती उत्तम आहे. (तक्रार प्रकृतीची नाही, हे पुढचं वाचताना लक्षात ठेवावं.) इकडे पावसाने सलग तिसऱ्या वर्षी पाठ फिरवली. टँकर एक दिवसाआड येतो, आणि येतो तेव्हा त्यातलं निम्मं पाणी रस्त्याने प्यायलेलं असतं. अशा दिवसांत कुणी कुणाला पत्रातून बोल लावू नयेत हे मला कळतं. तरीही लावते, कारण बोल तुम्हाला लावायचे आहेत आणि ते थांबण्यासारखे नाहीत.

तुमचे मेहुणे गेल्यावर मी त्यांच्या गावी एकटी पडले, असा तुमचा ग्रह झाला. सरकारी दवाखान्यात मेट्रन म्हणून जन्म काढलेल्या बाईला शांतता म्हणजे पेन्शनचाच भाग वाटतो, हे मी तुम्हाला लिहिलं होतं. तुम्ही उत्तर म्हणून पुण्याहून डॅक्सहुंड कुत्रा पाठवलात. सोबत तुमच्या अक्षरात सूचनाही होत्या: या कुत्र्यांत तीन जाती, एक तुळतुळीत अंगाची, एक लांब केसांची आणि एक तारेसारख्या राठ केसांची, शिवाय थोरली आणि छोटी अशी दोन मापं. तुळतुळीत असतो तो एकाच माणसाला चिकटतो आणि बाकी जगावर भुंकतो. राठ केसांचा खोड्या काढतो. लांब केसांचा मात्र स्वभावाने सौम्य, विधवा बाईला सोबत म्हणून योग्य. म्हणून तुम्ही लांब केसांचा निवडलात, ऐन उन्हाळ्यात, बीड जिल्ह्यासाठी, दुष्काळात. त्याच्या कानांत आणि पोटाखाली कुसळं अडकतात, ती काढण्यात माझी सकाळ जाते. अंघोळ त्याला बंद आहे. (मलाही तांब्याभर पाण्यात भागवावं लागतं, पण मी जमिनीला पोट घासत चालत नाही.)

तुम्ही त्याचं नाव हान्स ठेवलंत. गावाने दुसऱ्या दिवशी हंसराज केलं. त्याच्या पाठीची काळजी घ्या, मणका लांब आणि पाय आखूड असल्याने पायऱ्या चढू देऊ नका, उड्या मारू देऊ नका, लठ्ठ होऊ देऊ नका, उचलताना एक हात छातीखाली आणि एक मागे असू द्या, असं तुम्ही बजावलं होतं. इथे लोक त्याला करडासारखं पुढच्या पायांना धरून उचलत. मी पारावर सगळ्यांना उभं करून, मणका मोडलेला पेशंट कसा हलवतात ते हंसराजवरच दाखवलं. आता गाव त्याला बरोबर उचलतं. इतकं आदराने उचलतं की तो चालायचंच विसरेल. आणि या आदरापाशीच खरी गोष्ट सुरू होते.

एक गोष्ट तुम्ही ठळक लिहायला हवी होती ती शेवटी बारीक अक्षरात लिहिलीत, की हे कुत्रं मुळात बिळातली जनावरं उकरून काढण्यासाठी पैदा केलं गेलं. इथे घुशी खूप. आल्यापासून आठवड्याच्या आत त्याने माझ्या न्हाणीघरामागे खड्डा केला, आणि खाली ओल निघाली. ओल निघणारच, माझी मोरी तिथेच मुरते. पण त्या वेळी कुंपणापलीकडून आश्रुबा जात होता. आश्रुबा म्हणजे आमचा पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात फिरतो, नारळ उभा राहिला की म्हणतो इथे पाणी आहे. गेल्या दोन वर्षांत त्याचा नारळ बऱ्याच ठिकाणी उभा राहिला आणि बोअर तितक्याच ठिकाणी कोरडे गेले. त्याने खड्ड्यात बोट घातलं, वास घेतला आणि चप्पल काढून हंसराजला हात जोडले. मी म्हटलं, अरे, ते माझ्या अंघोळीचं पाणी आहे. तर म्हणतो कसा, “बाई, तुमची आंगूळ तांब्याची, ही ओल घमेल्याची. उगं कशापायी आडवं बोलताय? ह्ये कुत्रं पायाळू हाय.” (पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, अशाला जमिनीतलं पाणी दिसतं म्हणतात. तुमच्या कुत्रीचं बाळंतपण तुम्ही केलंत, तेव्हा खरंखोटं तुम्हालाच ठाऊक.) संध्याकाळपर्यंत दारात नारळ, उदबत्ती आणि पेढे. पेढे त्याने खाल्ले. त्याच्या कमरेचा घेर आता तुम्हाला पाहवणार नाही.

आता गंभीर भाग. गावाला यंदा एकच बोअर मंजूर झाला आहे. तो कुठे घ्यायचा हे आमची पाणीपुरवठा सहकारी संस्था ठरवते, आणि संस्था म्हणजे आप्पाराव. निवडणूक झाली की बिनविरोध होते, आणि विरोध करणाऱ्याचा टँकर उशिरा येतो. भूजल खात्याचे साहेब फेब्रुवारीत येऊन शाळेमागे, ऊसतोड्यांच्या वस्तीजवळ, पांढरा दगड रोवून गेले: पाणी लागलं तर इथेच लागेल. यंदा ऊसच नसल्याने कारखाना लवकर बंद झाला, सगळी वस्ती परत आली आहे, आणि तिथल्या बायका नदीच्या वाळूतले झिरे वाटीने उपसून घागर भरतात. वस्तीतल्या भिवराबाईच्या सुनेला सातवा महिना आहे, तीही जाते. मी तपासलंय तिला. तिने डोक्यावर घागर घेता कामा नये, हे मी सांगते आणि ती हो म्हणते आणि घागर घेऊन निघते.

आणि हंसराज? गेल्या पंधरवड्यापासून तो मोकळा सुटला की वस्तीकडे ढुंकून बघत नाही. तडक ओढ्यापलीकडे जातो आणि आप्पारावांच्या मोसंबीच्या बागेच्या बांधावर उकरत बसतो. बाग वाळते आहे. आप्पाराव, ज्यांनी वर्षभर मला नमस्कार केला नव्हता (सभेत मी त्यांना हिशेबासाठी उभं केलं होतं), ते आता हंसराजची विचारपूस करायला माणूस पाठवतात. मला संशय आला. मी त्याच्यामागे गेले, तर बांधावर त्यांचा गडी बिभीषण खुरपं घेऊन बसलेला. काय पुरतोस, विचारलं. “कलमं लावतूय, बाई.” मे महिन्यात, दुष्काळात, कलमं! तेवढ्यात हंसराजने एक कलम उपटून आणून माझ्या पायाशी ठेवलं. बोकडाची नळी होती, मगजासकट.

मी ती नळी रुमालात बांधून सभेत नेली आणि टेबलावर ठेवली. आप्पाराव जराही गडबडले नाहीत. हात जोडून म्हणाले, “बाईसाहेब, आमच्यावर काय बी बोला. पन मुक्या जनावरावर आळ घेऊ नका. ते खोटं बोलत न्हाई.” सगळी सभा हळहळली. मी म्हटलं, खोटं बोलत नाही, पण लाच खातं. कुणी हसलं नाही. आश्रुबाने तर माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी एखाद्या संताला शिवी दिली होती. एकमताने ठराव झाला (माझा विरोध लिहूनच घेतला नाही): येत्या रविवारी सकाळी सगळ्या गावासमोर शाळेच्या मैदानात हंसराजला सोडायचं, तो उकरेल तिथे नारळ फोडायचा, आणि दुपारी बोअरची गाडी येईल ती तिथेच लावायची.

म्हणून हे पत्र. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेसनी आपल्याला शिकवलं, की अंधश्रद्धेत हजेरी लावणं म्हणजे तिला सही देणं. माझ्या घरातल्या प्राण्याकडून हे घडू देणार नाही. शुक्रवारपर्यंत तुम्ही स्वतः या आणि त्याला पुण्याला न्या. कुत्रंच नसेल तर परीक्षा होणार नाही आणि लोकांना साहेबांच्या दगडाकडे बघावं लागेल. त्याला पुन्हा पाठवू नये. तुळतुळीतही नको, राठ केसांचाही नको. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
मालती

ता. क. पाकीट चिकटवणार तोच भिवराबाई आली. तिला वाचून दाखवलं, कारण काम तिचंही आहे. ऐकून ती म्हणाली, “आन् कुत्रं गेल्यावर? आश्रुबाचा नारळ हायेच की. त्यो तर आप्पारावच्याच घरचा. कुत्र्याला निदान नाक तरी हाय, बाई. नारळाला काय हाय?” तेव्हा शुक्रवारी येऊ नये. हंसराज रविवारपर्यंत इथेच राहील. नंतरचं नंतर बघू. (तो सध्या माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपला आहे, म्हणून मला उठता येत नाही. याचा वरील निर्णयाशी संबंध नाही.)

ता. क. २. प्रदर्शनात कुत्र्यांना चालवताना तुम्ही खिशात ठेवता ती कलेजीची बिस्किटं वहिनी अजून भाजतात ना? त्याच्यासोबत पाठवलेल्या डब्याच्या तळाला चुरा राहिला होता, तर याने समोर ठेवलेली मटणाची वाटी सोडून डबा चाटला होता. मोठा डबा भरून, वास जाईल असं अजिबात न बांधता, शुक्रवारच्या पुणे–बीड गाडीच्या कंडक्टरकडे द्यावा. शनिवारी वस्तीतल्या बायका साहेबांच्या दगडाची हळदकुंकू वाहून पूजा करणार आहेत. पूजेला खड्डा लागतोच. डब्यावर ‘औषध’ लिहावं. सिस्टर अ‍ॅग्नेस हयात असतील तर त्यांना यातलं काही कळवू नये.

ता. क. ३. वहिनींना सांगावं, मीठ अगदी कमी. रविवारी उकरून उकरून तो दमेल, त्याला लगेच पाणी पाजावं लागेल, आणि ते अजून लागायचं आहे.