खुंटीवरचा बिल्ला

भिवंडी,
१२ मार्च २००६

चि. मनोज यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझी आई ते रोज माझ्यापुढे आणून ठेवते आणि पुन्हा वाच म्हणते. भाचा जेवतो, ड्युटीला जातो, बाकी ठीक, एवढंच त्यात आहे असं सांगितलं, तर पुतळाताईचं म्हणणं की मी ओळी गाळतो. पुढच्या वेळी दोन ओळी जास्त लिही, माझी अब्रू राहील.

इकडे बत्ती रोज सात-आठ तास गुल. ऑफिसात बसून, न बघता, कुठला लूम थांबला ते मी सांगायचो. आता सोळाच्या सोळा माग थांबलेले, त्यामुळे माझे कान बेकार झालेत. तुम्ही त्या नदीकाठी अणू फोडून एवढी वीज काढता ती जाते कुठे, असं तुझ्या मामीने विचारायला सांगितलंय.

खारबावचा लडकू तुझ्या शब्दावर तिकडच्या ठेकेदाराकडे लागला, डोक्यावरचं ओझं उतरलं. पंधरा वर्षं माझ्याकडे होता, त्याला घरी बसवताना मला जड गेलं. माणूस हुशार. धागा तुटला की लूम बंद पाडणारा काटा असतो ना, तो पठ्ठ्या सुतळीने बांधून टाकायचा. जेवढे मीटर कापड तेवढी मजुरी, मग लूम थांबू देतो कशाला. कापडात फट पडायची, मी बघून न बघितल्यासारखं करायचो. निघताना त्याला म्हटलं, तिकडेही काम थांबवणारा एखादा काटा असेलच, तेवढा शोधून ठेव. फार हसला.

त्याच्याकडे लक्ष ठेव. माया आहेच, ती पत्रागणिक वाढव.

तुझा मामा,
केसरीनाथ


केंद्र वसाहत,
२ एप्रिल २००६

ती. मामांस, मनोजचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नका. फोनवर बोललो असतो, पण वसाहतीत बूथ एक आणि पाठीमागे रांग.

सध्या एक अणुभट्टी देखभालीसाठी बंद आहे. नदीच्या पंपापासून आतल्या नळ्यांपर्यंत सगळी तपासणी चाललीय, म्हणून ठेकेदाराची माणसं लागतात. आत किरणं असतात. ती दिसत नाहीत, वास नाही, आवाज नाही. म्हणून प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असतो. किती किरणं अंगाला लागली ते तो धरून ठेवतो. ठरलेल्या हद्दीला पोचलं की त्या माणसाला आत सोडत नाहीत. आम्हा कायम नोकरांना मग बाहेरचं काम देतात. ठेकेदार मात्र सरळ घरी पाठवतो.

महिन्याचे बिल्ले तपासून आले. दारात उभं राहून हत्यारं पुरवणाऱ्यापेक्षा आत नळीखाली वाकून काम करणाऱ्या लडकूचा आकडा कमी. मला ते पटेना. परवा तो आत गेल्यावर कपडे बदलायच्या खोलीत गेलो. खुंटीवर त्याचा सदरा, आणि सदऱ्याच्या आत बिल्ला.

बाहेर आल्यावर विचारलं, तर जराही ओशाळला नाही. म्हणाला, शेठनेच सांगितलं होतं, काटा शोध म्हणून. सापडला.

टोळी माझ्या हाताखाली, म्हणजे जबाबदारी माझी. आमच्या साहेबांचं म्हणणं की बिल्ला धुण्यात खराब झाला असं लिहून टाक, अंदाजाने आकडा भरू, विषय संपला. खरं लिहिलं तर लडकूचं काम जाईल, आणि माझी बढती तर विसरायचीच. मला काही सुचत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.

मामींना नमस्कार. कृपादृष्टी असू द्यावी, आज तिची गरज जास्त आहे.

आपला,
मनोज


भिवंडी,
९ एप्रिल २००६

चि. मनोज यास आशीर्वाद.

पत्र शेडमध्ये एकटा बसून वाचलं. लडकूने माझं नाव घेतलं ते खोटं नाही. पण मी लूमच्या काट्याचं बोललो होतो रे. फाटलं तर कापड फाटेल, या हिशेबाने.

आता नीट ऐक. साहेब सांगतात तसं लिही. मी फडक्यांच्या घड्या घालण्यापासून इथवर आलो ते सगळीकडे खरं बोलून आलेलो नाही. लडकूच्या घरी पाच तोंडं आहेत आणि इथे मी त्याला लूम देऊ शकत नाही. त्याला दम भर, बिल्ला छातीवर लावायला लाव, आणि एखाद्या डॉक्टरला गुपचूप दाखव. किती किरणं गेली ते डॉक्टर सांगेलच ना? थोडी असली तर बोभाटा कशाला.

एवढंच मला कळव, किती गेली. ताई विचारते की पत्र येऊनही मी वाचून का दाखवत नाही. चष्मा फुटला म्हणून सांगितलंय.

जीव तुझ्यात आहे हे वेगळं लिहीत नाही.

मामा


केंद्र वसाहत,
२३ एप्रिल २००६

ती. मामांस साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्ही विचारलंत किती गेली. ते आता कोणालाच सांगता येणार नाही. सांगणारा बिल्ला खुंटीवर होता. डॉक्टर रक्त तपासून थोडा अंदाज करतात, पण ती तपासणी गुपचूप होत नाही, आधी घडलं ते लेखी द्यावं लागतं. आणि दुखणं आलंच तर दहा-पंधरा वर्षांनी येईल, तेव्हा ते कशाने आलं हेही सिद्ध होणार नाही.

पहिल्यांदाच तुमचा शब्द मोडला. साहेबांना डावलून मी खरं लिहून दिलं. लडकूचं रक्त घेतलं आणि त्याला घरी पाठवलं. यापुढे किमान वर्षभर किरणांजवळचं काम नाही, महिन्याने पुन्हा तपासणी, असा कागद सोबत दिलाय. मला भांडारात बसवलंय, खिळे-बोल्ट देतो. गाडीत बसवायला गेलो तर लडकूने तोंड फिरवलं.

तुम्ही एकदा त्याच्या घरी जा. तपासणीला यायचंच हे तुमच्या तोंडून ऐकेल. रागावला असाल तर तसं लिहा, पण लिहा.

आपला,
मनोज


भिवंडी,
१४ मे २००६

चि. मनोज यास आशीर्वाद.

रागावलो होतो, म्हणून तीन आठवडे लिहिलं नाही. तेवढ्यात जे व्हायचं ते झालं, आणि तो उशीर माझा.

काल खारबावला गेलो. लडकू घरात नाही. त्याच्या बायकोने, राहीबाईने, पाट दिला, चहा ठेवला. नवऱ्याला काय बी झालं न्हाय, चांगला दोन टाइम जेवतो हाय, असं म्हणाली. तपासणीचा कागद तिने फळीवर डब्याखाली घातलाय. लडकू कुठे आहे विचारलं तर पुतळाताईची तब्येत विचारू लागली. अंबाडी नाक्यावर दोघे ठेकेदाराच्या नव्या भरतीचं बोलत होते ते माझ्या कानावर पडलं होतं, म्हणून सरळच विचारलं. मग डोळ्यांना पदर लावून सांगितलं. गुरुवारी गेला, दुसऱ्या राज्यातल्या तसल्याच केंद्रावर. त्याच्या नावाला बंदी, म्हणून धाकट्या भावाचं, मोरूचं, ओळखपत्र नेलंय. दोघांचा तोंडवळा एक.

आता त्याला जेवढी किरणं लागतील ती सगळी मोरूच्या नावावर चढतील. आणि मोरू माझ्यासमोर ओट्यावर बसून जाळं विणत होता.

मी राहीबाईला म्हटलं, मी हे कळवणार. तिला आधी समजेना. समजलं तेव्हा म्हणाली, शेठ, तुम्हीच काढलात, तुम्हीच पाठवलात, आता तिथूनही काढता? पोरांना तुमच्या शेडात आणून बसवू का? तिने पुढ्यातला कप उचलून नेला. मोरू उठून दारात उभा राहिला, मी निघेपर्यंत.

सोबत दुसरा कागद आहे, सही माझी. मोरू नावाने लागलेला माणूस लडकू आहे, त्याला परत पाठवा, रक्त तपासा, आणि बिल्ला टाळायला शिकवणारा मी, असं त्यात लिहिलंय. तुझ्या सर्वांत वरच्या साहेबांच्या हातात दे. पोस्टात टाकण्याआधी ताईला सगळी पत्रं वाचून दाखवली. एकही ओळ गाळली नाही. वाचून झाल्यावर उठून देवापाशी जाऊन बसली, अजून तिथेच आहे.

लडकू आला तर मला तोंड दाखवणार नाही. न आला तर मी खारबावला कोणत्या तोंडाने जाऊ. कागद मिळेल त्याच दिवशी दे, उद्यावर ठेवू नकोस.

लोभ ठेव म्हणायला यावेळी लेखणी उचलत नाही. तरी ठेव.

तुझा मामा,
केसरीनाथ