सोळा नंबरचा बिल्ला

२ ऑक्टोबर, बुधवार

यांचा कोट धुवायला काढला. यांना झटका आल्यापासून पाच आठवडे खोलीच्या दारामागे लटकतोय, धूळ खात. खुंटीवरून काढला तर यांच्या घशातून आवाज — आं, आं! थंडी वाजली असेल म्हणून आणखी एक पांघरूण घातलं.

खिशात रुमाल, चष्म्याची तुटकी काडी आणि एक गोल लाकडी बिल्ला. एका बाजूला १६ कोरलेलं, दुसऱ्या बाजूला क्रूस. नर्सबाईंनी लगेच ओळखला. "अहो ताई, हा टेकडीखालच्या मठातला. त्या कॅथलिक साधूंच्या बागेत जाताना देतात." हे मठात? देवळाच्या पायरीवर कधी चप्पल न काढलेला माणूस! दर गुरुवारी दुपारी वाचनालय, बाकी सगळे दिवस घर.

दुसऱ्याची वस्तू घरात नको. उद्या देऊन येईन. "जा हो, जरा वारा तरी लागेल," नर्सबाई म्हणाल्या. वारा लागून काय होणार आहे?

कोट परत टांगला. धुणं नंतर कधीतरी. रुमाल धुवायला टाकला. यांचा फोन मात्र मी पहिल्याच आठवड्यात बंद करून ठेवला, ते बरं केलं. कोणी 'लाकूडवाला' सारखा फोन करायचा. घरात लाकडाचं काम काढलेलं नाही. माणसं उगाच पिच्छा पुरवतात.

३ ऑक्टोबर, गुरुवार

क्रमाने लिहिते. नाहीतर लिहिता येणार नाही.

फाटकावर पाटी — 'बाग बाहेरच्यांसाठी फक्त गुरुवारी, ३ ते ५. बिल्ला घ्यावा, जाताना परत टांगावा. हळू बोलावे.' शेजारी फळीवर सोळा खिळे. शेवटचा रिकामा. बिल्ला टांगायचा आणि वळायचं, दोन मिनिटांचं काम. पण 'फक्त गुरुवारी' या शब्दांवर नजर अडकली. आणि तिथेच आठवलं — वाचनालय गुरुवारी बंद असतं! नऊ वर्षं नवरा बंद वाचनालयात जात होता, आणि मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. पुरावा तपासल्याशिवाय काही मानू नका म्हणून वर्गाला दटावायचे!

बिल्ला मुठीत धरून आत गेले.

तण नावाला नाही. वाफे पट्टीने आखल्यासारखे. पेअरची झाडं भिंतीला बांधून वाढवलेली, दोन्ही हात पसरून शिक्षेला उभी केल्यासारखी. एक ब्रदर पानं गोळा करत होते. मान लववली, बोलले नाहीत. घरी येणारे सगळे बोलतात. इथे बरं वाटलं — तेवढाच वेळ. बाकावर टेकले. बाकाची एक फळी नवी होती, सांधा इतका चोख की बोट फिरवून पाहिलं.

साडेतीनला फाटक वाजलं. लेक! नऊ वर्षांनी. कानाशी दोन-चार पांढरे केस. सवयीने हात वर गेला, न बघता बिल्ला काढला, वळली — आणि मी दिसले. बिल्ला परत खिळ्यावर. गेली.

मी हाक मारली नाही. 

४ ऑक्टोबर, शुक्रवार

बिल्ला परत करायचा राहूनच गेला. ड्रॉवरमध्ये टाकला आहे.

६ ऑक्टोबर, रविवार

डॉक्टरकीचं शेवटचं वर्ष सोडून ती लाकूडकाम शिकायला निघाली होती. लोकांच्या मोडक्या खुर्च्या दुरुस्त करणार म्हणे! मी म्हटलं, "जा. पण बोलावल्याशिवाय या घरात पाऊल टाकायचं नाही." ती म्हणाली, "बरं." माझीच मुलगी. नऊ वर्षं पाऊल टाकलं नाही.

आणि हे चकार शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, माझं पटलंय! पटलं कसलं — दोन माणसं मला भिऊन परक्यांच्या बागेत जाऊन बसत होती. मी हे घर इतकं नीटनेटकं ठेवलं की यात कोणाला बसवेना.

यांची नजर सारखी दाराकडे. भरवताना, कूस बदलताना. "कुणाची वाट बघतात हो?" नर्सबाई म्हणाल्या. मी उशी सारखी केली. "तो कोट तरी काढा तिथून, दार नीट लागत नाही." असू दे म्हटलं.

त्या गुरुवारी हे घरी आले, कोट टांगला आणि म्हणाले, "अगं, ऐक जरा—" मी म्हटलं, "आधी हात धुवा." बेसिनपर्यंतही पोचले नाहीत. त्यानंतर एक शब्द नाही. काय ऐकायचं होतं मी? आता कळायचं नाही. कधीच नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

परत गेले. दीड तास बसले. ती आली नाही. का येईल?

आज फाटकावर एक म्हातारे ब्रदर होते. 'हळू बोलावे' ही पाटी बहुधा त्यांच्यासाठीच लावली असावी. मी कोण ते सांगितलं नाही. त्यांचं बोलणं चालू असतानाच आतून लाकडावर ठोकल्याचा आवाज आला — टक, टक, टक! आणि सगळे धावले. एकाच्या हातात कुदळ. एकाचा अर्धा गाल साबणाने माखलेला. स्वयंपाक करणारे पळी घेऊनच. दोन थकलेले ब्रदर एकमेकांना धरून लगबगीने गेले. बागेत मी एकटी.

वीस मिनिटांनी म्हातारे परत आले. "निभावलं आज," म्हणाले. आजारी ब्रदर खालावले की फळी ठोकतात. ऐकू आली की असेल तसं यायचं, हात धुवायलाही थांबायचं नाही.

"हात धुवायलाही नाही?"

"बाई, मरण काय नखं तपासतं?"

मग हसून म्हणाले, "ते दोघे धरून गेले ना, ते चार वर्षं बोलत नाहीत. कांद्याच्या वाफ्यावरून! आता परत गेले तोंडं फिरवून. पण फळी वाजली की येतात."

"आणि कोणी ठोकलीच नाही तर?"

"मग कसं कळणार हो कोणाला?"

११ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी यांचा फोन ड्रॉवरमधून काढून चालू केला. लेकीचा नंबर सापडेना. तिचं नाव नाही, लाडाचं नाव नाही. आणि मग — लाकूडवाला! सदतीस वेळा. माझं डोकं आहे की खोकं?

पहिल्याच घंटेला उचलला. "बाबा! कुठे होता तुम्ही—"

"मी आहे."

मागे करवतीचं यंत्र चालू होतं. ते बंद झालं.

"यांना झटका आला. सहा आठवडे झाले."

"सहा आठवडे!"  मग, "मला वाटलं, तुला कळलं आणि तू त्यांचं येणं बंद केलंस."

 कळलं असतं तर केलंही असतं बंद.

"ये," म्हटलं.

"बोलावतेस?"

"बोलावते."

अर्ध्या तासात दारात. हाताला सरस, केसांत भुसा. "आधी हा—" एवढं तोंडून गेलंच. जीभ चावली.

यांनी ओळखलं. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. ती सरस लागलेल्या हातांनी यांचा हात धरून बसली. आणि थोड्या वेळाने यांची नजर पुन्हा दाराकडे! लेक समोर असताना! आता आणखी कोणाची वाट बघताहेत?

१५ ऑक्टोबर, मंगळवार

कालपासून डोळे उघडलेले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "हलवू नका आता. घरीच असू द्या." म्हणजे काय ते कळतं मला.

लेक राहिली आहे. आम्ही औषध, चादर, पाणी एवढंच बोलतो. नर्सबाईंसमोर बऱ्या वागतो. उशीर केला मी. ती बोलावण्याची वाट पाहत राहिली आणि मी तिच्या माफीची. कोणासाठी? कशासाठी? काही उरलेलं नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

मठात देऊन येते म्हणून बिल्ला काढला. लेकीने पाहिला. "आई, हा बाबांनी दिला तुला?"

"कोटात सापडला."

तिने तो हातात घेऊन उलटवला. "दर गुरुवारी तीन घ्यायचो आम्ही. चौदा त्यांचा, पंधरा माझा. सोळा नंबरचा ते बाकावर आमच्यामधे ठेवायचे, निघताना परत टांगायचे. शेवटच्या वेळी म्हणाले, आज हा घरी नेतो. तिच्या हातात देतो आणि विचारतोच, येतेस का."

दाराकडे बघत नव्हते. दारामागच्या कोटाकडे बघत होते.

बिल्ला यांच्या तळहातावर ठेवला. मूठ मिटली नाही. मी मिटवली.