बोलता येईल इतकंच

आबा, मला सातवा लागला आणि तुम्ही मला न्यायला माकणीला आलात, तेव्हा माझ्या सासूबाईंनी तुम्हाला विचारलं होतं, की घरात बाईमाणूस नाही, मग पोरीचं बाळंतपण कोण करणार. तुम्ही फेटा सारखा केलात आणि म्हणालात, "म्या हाय की." आपलं गाव, सास्तूर, येईपर्यंत गाडीत तुम्ही बैलांशी बोललात, माझ्याशी नाही. माय गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. ती बाळंतपणातच गेली आणि पोटातलं लेकरूही तिच्याबरोबर गेलं. महाराष्ट्राचं नवं राज्य येऊन थोडेच दिवस झाले होते, गावात सगळे त्याच्याच गोष्टी करत होते, आणि आपल्या घरात मात्र दोन माणसं गप बसलेली होती. तशीच आपण पुढं बारा-तेरा वर्षं काढली. तुमचं सगळं बोलणं तालमीत व्हायचं. घरी यायचात ते अंगाला लाल माती घेऊन आणि तोंड मिटून.

गावच्या पोरांना कुस्ती शिकवणारा माणूस तुम्ही. कमावलेलं शरीर टिकतं, बसून राहिलेलं मोडतं, एवढं एकच तुम्हाला ठाऊक. म्हणून दुसऱ्याच दिवसापासून तुम्ही मला कामाला लावलंत. उन्हं अंगणात आली की नदीपर्यंत चालायचं आणि परत यायचं, मग घरात खांबाला धरून सावकाश बैठका. बापानं गरवार लेकीला बैठक शिकवायची कशी, याची तुम्हाला लाज वाटायची. तुम्ही भिंतीकडं तोंड करून स्वतः बैठक मारून दाखवायचात आणि माझ्याकडं न बघता म्हणायचात, "असं." मी मागं उभी राहून तसं करायची. जांघेत कळ यायची, कंबर धरायची, छातीत जळजळायचं. पण मी तालमीच्या भिंतीआड वाढलेली पोर. कुणी दुखतंय म्हणालं की तुम्ही काय म्हणता ते लहानपणापासून ऐकलेलं. "सोस." मी सोसत होते.

एक दिवस नदीवरून येताना चढावर माझं पोट दगडासारखं घट्ट झालं. तुम्ही पुढं चालला होतात. मी ओठ दाबून पावलं टाकत राहिले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली तशी वाटेतच खाली बसले. तुम्ही वळून पाहिलंत. तुमचा तो चेहरा मी त्याआधी एकदाच पाहिला होता, माय गेली त्या दिवशी. मला दोन्ही हातांवर उचललंत आणि भर दिवसा गावातून, लोक बघत असताना, घरापर्यंत आणलंत. शेजारची सुईण आजी धावत आली. तिनं पोटावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, मग म्हणाली, लेकरू हलतंय, घाबरू नको. आणि तुमच्याकडं वळून शांतपणे म्हणाली, "वस्ताद, हिला कुस्ती न्हाय धरायची." तुम्ही उंबऱ्याबाहेर बसून राहिलात. मी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कुणाला न सांगता उमरग्याच्या सरकारी दवाखान्यात गेलात. तिथं बायकांच्या रांगेत एकटाच गडी, फेटा काखेत घेऊन उभा. हे मला पुढं आपल्याच गावच्या एका बाईनं सांगितलं. तिथल्या नर्सबाई आधी हसल्या म्हणे, मग त्यांनी तुम्हाला बसवून नीट समजावलं. घरी आल्यावर तुम्ही जमिनीकडं बघत, पाठ केलेला धडा म्हणावा तसं सगळं सांगितलंत. चालणं सोडायचं नाही, पण चालताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबायचं. पोट आवळलं, अंधारी आली, तर तिथंच बसायचं. पोटरीत गोळा आला तर पाय लांब करून चवडा आपल्याकडं ओढायचा. निजायचं डाव्या कुशीवर. शेवटी एक गोष्ट राहिली होती, ती तुमच्या तोंडून निघेना. "आन् ते... बायकांचं काय दिसलं तर लगेच आजीला हाक मार," म्हणालात आणि गोठ्यात निघून गेलात.

आता पंचाईत अशी, की चालताना बोलायचं काय? पहिले दिवस तुम्ही विचारत होतात, सासरी बैल किती, विहिरीला पाणी किती, ज्वारी कशी आलीय. मी सांगत होते. मग तुमचे प्रश्न संपले. दोन्हीकडं ज्वारी उभी आहे, मधून वाट जाते आहे, तुम्ही माझ्या पावलाला पाऊल लावून चालता आहात, आणि मी न राहवून विचारते, माय कशी होती? तुम्ही कितीतरी अंतर तसेच चालता. मग म्हणता, "गप असायची. शेवटच्या महिन्यात कमरेवर हात ठेवून चुलीपशी उभी ऱ्हायची. म्या बघायचो. बायकांचं असतंय, म्हणून इचारलं न्हाय. तीबी बोलली न्हाय." एवढं बोलून तुम्ही बांधावर बसलात, मीही बसले. मग म्हणालात, "तू बोल. शिव्या दे मला, पर बोल."

त्यानंतर मी सगळं सांगू लागले. आबा, इथं ओढतंय. आबा, हे फासळीखाली लाथ मारतंय. आबा, आज पाय सुजलेत, चप्पल जात नाही. प्रत्येकाला तुमचं एकच उत्तर, "मग बसू." घोंगडी आणि पाण्याचा तांब्या तुम्ही बरोबर घ्यायचात. शेताला जाणाऱ्या बायका पदरात तोंड लपवून हसायच्या, तुम्ही हसू दिलंत. कधी नदीपर्यंत पोचत होतो, कधी वेशीपर्यंतच. बैठका जमतील तेवढ्याच. आणि आता तुम्ही भिंतीकडं तोंड करत नव्हतात. समोर उभे राहून माझ्या चेहऱ्याकडं बघायचात.

बाळंतपण सोपं गेलं नाही. सकाळी कळा सुरू झाल्या, दिवस कलला तरी सुटका होईना. तुम्ही भिंतीपलीकडं बसला होतात. मी तुम्हाला, नवऱ्याला, देवीला, सगळ्यांना बोल लावले आणि मोठ्यानं रडले. सुईण आजी म्हणाली, वरड बाई, तुझ्या बापाला बरं वाटतंय. दिवेलागणीला मुलगी झाली. आम्ही दोघी वाचलो, हे आजीनं बाहेर येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही उठून तालमीत गेलात. तिथं कुणा पोराचा खांदा धरला होता. तुम्ही त्याच्याजवळ बसून विचारलंत, कुठं दुखतंय रे? पोरं एकमेकांकडं बघत राहिली, असं पुष्कळ वर्षं गावात सांगत.

आता ते गाव तिथं नाही. भूकंपानंतर नवी घरं दुसरीकडं उठली, तालमीच्या जागी वेड्या बाभळी माजल्या. तुम्ही त्याच्या आधीच गेलात, ते बरंच झालं. माझी नात पुण्यात असते, तिला सहावा लागलाय. ती गरवार बायकांच्या व्यायामाच्या वर्गाला जाते. परवा फोनवर विचारत होती, आजी, तुझ्या वेळी तुझी आई नव्हती, तुला किती आठवण आली असेल ना तिची? मी हो म्हणाले. आणखी काय सांगणार?

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून इथं लिहिते. आबा, त्या दोन महिन्यांत मला माय एकदाही हवीशी वाटली नाही.