एकही टाका सुटला नाही

तीर्थस्वरूप भावोजींना,

धाकट्या मेहुण्याचा पायाशी नमस्कार. (गुडघे हल्ली पायापर्यंत पोचू देत नाहीत, तेव्हा हा नमस्कार कागदावरच पुरा झाला असं समजावं.) तब्येत कशी आहे? साखर आटोक्यात आहे, की ताईची पाठ फिरली की अजूनही डब्यात हात जातो? ताईची कंबर काय म्हणते? आणि गाडी कशी आहे? दारातच उभी आहे ना? परवा मी ताईला फोन करून सांगितलं होतं, की मागे तुमच्याकडे आलो होतो तेव्हा ब्रेकमधून मला कसलासा आवाज आला होता, म्हणून माझं पत्र हाती पडून पुरतं वाचून होईपर्यंत गाडी जागची हलवू नका. भाची सोमवारपासून नव्या नोकरीवर गाडी घेऊन जाणार आणि वाटेत ताईला व्यायामाच्या वर्गाला सोडणार, हे तिनेच सांगितलं. ऐकून फार बरं वाटलं. पण आधी पत्र, मग गाडी. आणि पत्र शेवटपर्यंत वाचा. पहिलं पान बघून मार्क देऊन टाकायची तुमची सवय सगळ्या शाळेला माहीत होती, म्हणून मुद्दाम लिहितो.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आमच्या हिचा एक हात गळ्यात अडकवलेला आहे, कपाळावर एक टेंगूळ आहे आणि चष्मा नवा करायला टाकला आहे, पण एवढं सोडलं तर खुशालच.

झालं असं, की गेल्या रविवारी सकाळी आम्ही दोघं नव्या गाडीतून पडद्यांचं कापड बघायला निघालो. नवी गाडी तुम्ही पाहिलेली नाही, म्हणून थोडं तिच्याबद्दल. घेताना शोरूममधल्या मुलाने छातीवर हात ठेवून सांगितलं, की हिच्यात सहा एअरबॅगा आहेत. (मी विचारलं, माणसं बसणार पाच, सहावी कोणाला? तो हसला नाही. शोरूमवाले पैसे हातात पडेपर्यंत हसत नाहीत.) दोन पुढे, दोन वर खिडक्यांच्या कडेला आणि दोन आणखी कुठेतरी, असं तो म्हणाला. कुठेतरी म्हणजे नेमकं कुठे, हे त्याने सांगितलंही असेल, पण तोवर माझं लक्ष सीटांकडे गेलं होतं, आणि सीट दिसली की मला ऐकू येत नाही, हे ताई तुम्हाला सांगेल.

भावोजी, कंपनीची सीट ही काय चीज असते ते तुम्हाला कळायचं नाही. कापड असं, की नखाने ओढलं तर दोरे निघावेत. शिवण अशी, की शिवणाऱ्याला घरी जायची घाई असावी. आणि पुढच्या दोन्ही सीटांच्या बाजूला, भर उजेडात, बोटाच्या पेराएवढं एकेक लेबल लोंबत होतं. आमच्या धंद्यात पहिला धडा हाच असतो, की लेबल आत असतं. शर्टाचं मानेच्या आत, उशीचं अभ्र्याच्या आत. लेबल बाहेर ठेवणं म्हणजे बनियन शर्टावरून घालून लग्नाला जाणं. तेव्हा मी गाडी थेट दुकानात नेली, ती दोन्ही लेबलं अलगद उसवून काढली (कापडाला भोकसुद्धा दिसू दिलं नाही) आणि वर माझं खास कव्हर चढवलं. जाड रेक्झिन, आतून फोम, बाजूला दुहेरी शिवण आणि दोरा तो, जो ट्रकच्या ताडपत्रीला वापरतात. तुमच्या गाडीला चढवलं तेच. तुमच्याकडेही अशी लेबलं होती आणि मी ती काढली तेव्हा तुम्ही काहीतरी विचारलं होतंत. काय ते आता नीट आठवत नाही.

तर लाकडाच्या वखारीपाशी वळलो आणि गल्लीतून भाजीचा एक टेम्पो आला. आला म्हणजे आलाच. त्याच्या चालकाचं लक्ष मागच्या कोबीकडे होतं (गडगडायला लागला होता म्हणे), आणि टेम्पोने आमच्या गाडीला बाजूने, हिच्या दारावर, ठोकर दिली. मी स्टिअरिंग धरून तयार. आता फुगा येणार, तोंडावर आपटणार, म्हणून डोळेही मिटले. काही नाही. पुढचे दोन्ही ढिम्म. ज्यांचे पैसे मोजले ते मठ्ठासारखे बसून राहिले. आणि शेजारच्या सीटमधून मात्र ढप्प असा दाबल्यासारखा आवाज आला. पाहतो तर हिची सीट एका बाजूने फुगली होती, घाईत कोंबलेल्या गादीसारखी, आणि त्या फुगवट्याने हिला मागून असं काही ढकललं होतं, की ही खांद्यावर मुरगळून कपाळाने डॅशबोर्डला टेकली होती.

मी उतरलो, पलीकडे गेलो, दार उघडलं (अर्धं उघडलं, कारण ते आत गेलं होतं) आणि पहिल्यांदा शिवण पाहिली. भावोजी, खोटं सांगत नाही. आतून एवढा दणका बसूनही एकही टाका सुटला नव्हता. सगळी शिवण सरळ रेषेत, जशी मशीनखालून निघाली तशी. मी जमलेल्या लोकांना ती दाखवली. एकाने हात लावूनही बघितला. तेवढ्यात आतून आमची ही म्हणाली, की शिवण बघून झाली असेल तर मी जिवंत आहे का तेही बघा. मी ताबडतोब बघितलं. तिने मात्र ती गोष्ट मनात ठेवली आहे, आणि हात गळ्यात असल्यामुळे सध्या स्वयंपाक माझ्याकडे असतो. रोज एकच भाजी होते. भाजी कोणती ते टेम्पोवाल्यामुळे ठरलं, कारण भरपाई म्हणून त्याने पोतंभर कोबी दिला आहे.

आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. अन्याय दिसला की मी गप्प बसत नाही, आणि स्वतःवर झालेला असला तर मुळीच नाही. मी गाडी ओढून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली आणि तिथल्या साहेबांना सांगितलं, की तुमच्या सहा पिशव्यांपैकी दोन उघडल्याच नाहीत आणि एक चुकीच्या जागी उघडली. साहेब म्हणाले, ठोकर बाजूने बसली तर पुढच्या उघडतच नसतात. मी म्हटलं, म्हणजे कोणत्या बाजूने ठोकायचं हे टेम्पोवाल्याला आधी कळवायला हवं होतं. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवून कॉफी दिली. (तिथल्या सोफ्याची शिवण दोन ठिकाणी गेली आहे. मी दाखवून दिली.)

मग त्यांनी एक इंजिनिअर मुलगी बोलावली. भाचीच्याच वयाची, बोलायला तिच्यासारखीच फटकळ. तिने कव्हर बोटाने फाडायचा प्रयत्न केला. फाटलं नाही. मेकॅनिक पकड घेऊन आला. त्याचा हात सटकून स्वतःच्याच पोटाला लागला. शेवटी मागून, खालून, दोघांनी मिळून अर्धा तास खपून ते कव्हर उतरवलं. साहेब म्हणाले, हे शिवलं कुणी? आता अशा वेळी विनयाने गप्प बसणारा माणूस मी नव्हे. मी खिशातून कार्ड काढून दिलं.

ती मुलगी मग उघड्या सीटवर बसली. बरगडी आणि दार यांच्यामध्ये तळहात धरून म्हणाली, पिशवी सीटच्या या कडेतून फुटून इथे यायची असते काका, माणूस आणि दार यांच्या मधोमध. मी तिच्या तळहाताकडे बघत राहिलो. मधे फार जागा नसते हो, भावोजी. वीतभरसुद्धा नाही. मला एकदम भाची आठवली. का ते पुढे येईलच.

साहेबांनी माझ्या कव्हराचा फोटो काढला, शेजारी माझं कार्ड धरून, आणि तो मोठा करून त्या काचेच्या खोलीत भिंतीवर लावला आहे. खाली काहीतरी दोन ओळी लिहिल्या आहेत. जाहिरातीला लोक हजारो रुपये घालवतात, माझी फुकटात झाली. परवापासून दुकानापुढे गाड्यांची रांग लागली आहे. चहा प्यायला उसंत नाही. बाजूचा टायरवाला विचारतो, काय जादू केलीत? मी नुसता हसतो. एकूण काय, माल चांगला असला की धंदा आपोआप चालतो, आणि माणसाने आपल्या कामावर विश्वास ठेवावा, एवढंच या प्रसंगातून मी शिकलो.

बाकी सर्व ठीक. ताईला नमस्कार, भाचीला नव्या नोकरीसाठी आशीर्वाद. तिला म्हणावं, मामा तिच्यासाठी काहीतरी पाठवतोय. घरातल्या थोरांना वाकून आणि धाकट्यांना पाठीवर थाप देऊन पत्र संपवतो.

तुमचा,
(तुम्ही ज्याला टेलरमास्तर म्हणून चिडवता तो) मेहुणा

ता. क. ब्रेक ठणठणीत आहेत. आवाजबिवाज काही आला नव्हता. बिघाड कव्हरात आहे. म्हणजे कव्हरातही नाही, कव्हर जरुरीपेक्षा चांगलं आहे. ज्या दोन पिशव्या कुठेतरी होत्या त्या पुढच्या दोन्ही सीटांच्या बाजूच्या कडेत असतात, तुमच्याही गाडीत तिथेच आहेत, आणि त्यांची बाहेर यायची वाट मी ताडपत्रीच्या दोऱ्याने शिवून टाकली आहे. एका सीटवर भाची बसणार, दुसरीवर ताई. तेव्हा सोमवारच्या आत दोन्ही कव्हरं उतरवा. हीच एक विनंती आहे, बाकीचं पत्र या विनंतीसाठीच लिहिलं. खालचे हुक सोडा, मग मागची शिवण उसवा. बाजूच्या शिवणीला ब्लेड अजिबात लावू नका, आत पिशवी आहे. जमत नसेल तर कंपनीच्या वर्कशॉपमधला माणूस घरी बोलवा, आणि तोवर टॅक्सी परवडली, ती कव्हरं असताना गाडी नको.

ता. क. हे फोनवर का सांगितलं नाही, तर तुम्ही हसला असता, आणि ते ऐकून मी फोन ठेवून दिला असता, आणि सांगायचं राहून गेलं असतं. पत्रात तुमचं हसणं मला ऐकू येत नाही. मी स्वतः आलो असतो, पण दुकानापुढच्या रांगेचं वर लिहिलंच आहे. ती रांग कव्हरं काढून घ्यायला आलेल्यांची आहे. भिंतीवरच्या फोटोखालच्या दोन ओळींत तेच लिहिलंय, की असलं कव्हर असेल तर आजच काढा. मी पैसे घेत नाही. इतक्या वर्षांचं माझं शिवणकाम मीच बसून उसवतोय, आणि भावोजी, चांगली शिवण उसवायला शिवण्याच्या दुप्पट वेळ लागतो. दोन गिऱ्हाइकं तर काढूच देत नव्हती, म्हणाली फार छान आहेत. त्यांच्याशी भांडलो.

ता. क. तुम्ही तेव्हा काय विचारलं होतंत ते आठवतं. सगळं आठवतं. तुम्ही म्हणालात, कंपनीने लेबल बाहेर लावलंय म्हणजे कुणीतरी वाचावं म्हणूनच लावलं असणार, तू वाचलंस का? आणि मी ताईसमोर म्हणालो, भावोजी, तुम्ही गणितं सोडवा, शिवणीतलं आम्हाला कळतं. ताई किती हसली होती. तर बरोबर तुमचं होतं. हे वाक्य जपून ठेवा, पुन्हा मिळणार नाही. हसायचं ते कव्हरं उतरल्यावर हसा.

ता. क. तुमच्या सीटांवरची ती लेबलं मी फेकली नव्हती. चांगलं कापड आम्ही फेकत नाही. दोन्ही या पाकिटात घातली आहेत, भाचीसाठी पाठवतोय ते हेच. काढलं तेव्हा वाचलं नव्हतं, आता वाचलं. एकच शब्द आहे, एअरबॅग. तिला सांगा, जिथली होती तिथे, बाहेरच्या बाजूला, सगळ्यांना दिसतील अशी डिंकाने चिकटव. ताईला सुईदोरा घेऊ देऊ नका. तुमच्या मेहुण्याने आयुष्यात हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण सांगतो, त्या जागी एकही टाका घालू नका.