वारा पडल्यावर

देवणी, ता. १८ नोव्हेंबर

वर्षाराणी वैनी,

सुकन्याचा शरणार्थ. बाळाची सर्दी कमी झाली का? इकडं गाय व्याली, कालवड झाली. अव्वा तुमच्यासाठी डिंक कुटून राहिली. फोन अप्पाजवळ असतो, अन् मला फोनवर बोलणं सुधरत न्हाई, म्हणून लिहून राहिले. आठवीतून शाळा सुटली, चुकलं तर समजून घ्या.

दादा पाण्यात पडला, पण कुण्या बोटीनं उचललं असंल, तो आल्यावरच बाळाचं नाव ठेवायचं, असं तुमी म्हणलाव. अप्पा बी हाव म्हणले.

काल दादासंगं कामाला असलेला मन्मथ त्याची ब्याग घेऊन आला. तिथं समुद्रात एकाच खांबावर वरी वाऱ्याचा पंखा अन् खाली दांड्याला जोडलेली, लाटेनं वरखाली होणारी मोठाली पिंपं हायत म्हणे. दोन्हीची लाईट एकाच केबलनं किनाऱ्याला जाते. दादा आधी आपल्याकडं माळावरच्या पवनचक्कीवर होता. तिथं वारा पडला की समदं थांबतं, मग माणसं चढतात. त्या दिवशी बी वारा पडला, पंखा थांबला. दादा पिंपाच्या दांड्यावर उतरला. पण लाट लांबून येतच राहते, वैनी. दांडा उसळला.

अप्पा तिकडं गेले तवा किनाऱ्याला लागलेलं एक प्रेत दाखवलं होतं. तोंड वळखू येत न्हवतं. अप्पांनी रिकामा गळा बघितला अन् म्हणले, "आमचा वीरेश गळ्यातलं लिंग काढून पानी बी पीत न्हाई. हा आमचा न्हाई." तेच तुमाला सांगितलं. त्याला बेवारस म्हणून जाळलं.

आपल्यात कुणाला जाळत न्हाईत, पुरतात.

ब्याग मी उघडली. टॉवेलात गुंडाळून लिंग होतं. फिरत्या यंत्राजवळ गळ्यात काय बी चालत न्हाई म्हणे. दादा कामावर जाताना काढून ठेवायचा, आल्यावर आंघोळ करून घालायचा. तवर पानी पीत न्हवता.

अप्पा कालधरनं भिंतीकडं तोंड करून हायत. एवढंच म्हणले, "वर्षाला सांगू नको. बाळंतीण हाय." अव्वानं ऐकलं, अन् डिंक कुटतच राहिली.

मला राहवलं न्हाई. तुमी माहेरी रोज दारात वाट बघत बसता, असं तुमच्या भावानं सांगितलं.

वैनी, आता थांबू नका. पाळणा करा. नाव तुमी ठरवा, बाळाच्या कानात मी सांगते. मला लाजायला होतं, पण तेवढं बोलीन.

बाळाची आत्या,
सुकन्या