घटक सापडला नाही

९ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळ.
निवृत्तीनंतर माणसाला घरात मान राहत नाही म्हणतात. माझ्या बाबतीत आजपासून राहणार. दिपमालाची ऑनलाइन परीक्षा तेवीस तारखेला. आहारशास्त्राचा डिप्लोमा. बावन्नाव्या वर्षी बायको एवढी जिद्द धरते, तर नवऱ्याने निदान कॉम्प्युटर तरी तयार ठेवावा. ती म्हणाली, तो चालतोय, तुम्ही हात लावू नका. भोळी आहे. चालणं वेगळं, धावणं वेगळं.
जळगावातल्या आमच्या अख्ख्या कॉलनीत एमएससीआयटी पहिल्या फटक्यात पास झालेला निवृत्त माणूस मी एकटाच.

दुपार.
साफसफाई पूर्ण. आत काय काय भरून ठेवलं होतं! एकाच नावाच्या आठ वस्तू, फक्त पुढचं वर्ष वेगळं. जुनी कॅलेंडरं कोणी भिंतीवर ठेवतं का? आठही उडवल्या. 'रनटाइम' नावाचं काहीतरी होतं. ते कोणी कधी उघडल्याचं मला तरी आठवत नाही. तेही उडवलं. कॉम्प्युटर दरवेळी विचारतो, तुम्हाला खात्री आहे का? अरे, धुळ्याच्या ऑफिसात साहेब लोक माझ्या खात्रीवर डोळे झाकून सह्या करायचे.

१० नोव्हेंबर, सोमवार.
दिपमालाने परीक्षेचं पोर्टल उघडलं. लाल चौकोन आला: 'ब्राउझरचा आवश्यक घटक सापडला नाही.' तिने विचारलं, काल तुम्ही काय केलं? काही नाही, म्हणालो. खोटं नाही. केलं काहीच नाही, काढलं फक्त.
दोष पोर्टलचा. खरं तर माझ्या साफसफाईमुळेच तो वेळेत उघडा पडला. आभार राहिले बाजूला.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
दुसरा ब्राउझर टाकला. तोच चौकोन. तिसरा टाकला. तोच चौकोन, पण निळा. प्रगती आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
खालच्या मजल्यावरची सबा आली होती. ही दिपमालासोबत त्याच कोर्सला. स्वतःचा लॅपटॉप आहे म्हणून जरा हवेत असते. मला म्हणते, "भाऊ, कोणता घटक नाही ते खाली लिहिलंय ना. तेवढाच परत टाकून बघा." मी नुसता हसलो. पाटी वाचून बस पकडण्याइतकं हे सोपं असतं, तर इंजिनियर लोक उपाशी मेले असते.
संकल्प: उद्यापासून मुळाशी जायचं. आज शेतावर भरीत पार्टी आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
काल मुळाशी जाता आलं नाही. भरीत बाधलं. दिपमाला म्हणाली, तेलाने. डिप्लोमा अजून व्हायचाय, पण निदान सुरू.
आज नेटवर एक प्रोग्रॅम सापडला. 'सर्व हरवलेले घटक एका क्लिकवर, मोफत.' टाकला. त्याने सांगितलं, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये नऊशेच्या वर दोष आहेत. चला, कोणीतरी खरं बोललं! सगळे काढायला पैसे मागत होता. तेवढा काही मी बावळट नाही. फुकटात निघाले तेवढे काढले.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
आता कॉम्प्युटर चालू केला की आधी पत्त्यांचा डाव उघडतो आणि एक बाई इंग्रजीतून ओरडते. बहुतेक सावध करते. दिपमाला दारात येऊन म्हणाली, "अहो, माझी परीक्षा आठवड्यावर आलीय." मी तिला समजावलं, ओरडते आहे म्हणजे सुरक्षा वाढली. तिला पटलं असावं. वही घेऊन आत गेली.

१६ नोव्हेंबर, रविवार.
मोठे बंधू लोटन नाना एरंडोलहून पिशवीभर वांगी घेऊन आले. नानांना यातलं ओ की ठो कळत नाही, तरी मी पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं. ते चहा संपेपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, तूच काढी टाकं ना बठ्ठं? आते कोनले सोधी ऱ्हायना?" दिपमाला तोंडाला पदर लावून आत गेली.
सगळं मीच काढलं म्हणे, मग आता शोधतोय कोणाला! खेड्यातल्या माणसांना तांत्रिक गोष्टी फार ढोबळ दिसतात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
आज सराव परीक्षा होती. ती दिली नाही तर मुख्य परीक्षेला बसू देत नाहीत. हे मला आज कळलं. दिपमाला म्हणते, तिने चार वेळा सांगितलं होतं. मी कामात होतो.
सकाळी तिने दुरुस्तीवाल्याला बोलवायचा विषय काढला. मी साफ नकार दिला. परका माणूस घरात येणार, आपल्या फायली बघणार. "कोणत्या फायली?" असं तिने विचारलं. म्हणालो, माझं आत्मचरित्र. एक पान झालंय.
ती पर्स घेऊन खाली सबाकडे गेली. म्हटलं, जाऊ दे, मन मोकळं करून येईल. परत आली तेव्हा चेहरा एकदम शांत. सराव परीक्षेचा विषय परत काढला नाही. विसरली असावी. बरंच झालं.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
मोठा निर्णय घेतला. सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. पुसलं.
पुसून झाल्यावर लक्षात आलं, तिचा प्रोजेक्ट आत होता. केळीच्या बागांत कामाला जाणाऱ्या बायका काय खातात, यावरचा. सावद्याला मे महिन्याच्या उन्हात फिरून, बांधावर बसून, एकेकीला बोलतं करून केलेला. पाणी प्यायलो. परत प्यायलो. मग सांगितलं.
ती म्हणाली, "तो चौकोन आला ना, त्याच दिवशी मी प्रोजेक्ट सबाच्या लॅपटॉपवर नेऊन ठेवला."
सुटलो. नंतर मात्र वाईट वाटलं. एवढ्या वर्षांचा संसार, आणि बायकोचा नवऱ्यावर विश्वास बघा केवढा.

२२ नोव्हेंबर, शनिवार.
विजय! कॉम्प्युटर नवाकोरा. पत्ते नाहीत, बाई नाही, चौकोन नाही. पोर्टलही नाही, कारण इंटरनेट नाही. पण एका वेळी एक. उद्या मोबाइल जोडतो. दिपमालाला म्हणालो, तू फक्त अभ्यास कर, बाकी माझ्यावर सोड. ती म्हणाली, "सोडलंय."

२३ नोव्हेंबर, रविवार. परीक्षा.
सकाळपासून तयारी. टेबल पुसलं, खुर्चीवर उशी ठेवली, शेजारी पाण्याचा तांब्या. मोबाइल जोडला. इंटरनेट आलं! आणि लगेच निळ्या पडद्यावर सूचना: अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका.
दिपमाला इस्त्रीची साडी नेसून, हॉल तिकीट घेऊन बाहेर आली. पडदा बघितला. चप्पल घालता घालता म्हणाली, "सराव परीक्षा मी खालीच दिली. सबाचा पेपर सकाळी झाला, आता माझा. आजही तिथेच बसते."
मग मी काय करू, विचारलं.
"बंद करू नका म्हणतोय ना तो? मग लक्ष ठेवा."
ठेवलं. कोणीतरी ठेवायलाच हवं होतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार.
दिपमाला फर्स्ट क्लास. सबाही पास. कॉलनीत पेढे वाटले. मी सगळ्यांना सांगितलं, तांत्रिक बाजू पूर्ण माझ्याकडे होती. सबाला नेमका तेव्हाच ठसका लागला.
एक बातमी आहे. शिरपूरच्या एका मुलींच्या वसतिगृहात मेस सांभाळायला तिला बोलावलंय. राहायचं तिथेच, रविवारी घरी. मी विचारलं, जायलाच हवं का? ती म्हणाली, "मग शिकले कशाला?"
मी उरलेले पेढे मोजून डब्यात ठेवले.

५ जानेवारी २०२६, सोमवार.
सकाळच्या बसने गेली. बॅग मी चढवली. बस हलली तेव्हा खिडकीतून हात केला, पण डोळे पुढच्या रस्त्याकडे.
घर मोकळं. छान शांतता. संकल्प: रोज आत्मचरित्राची दहा पानं. कॉम्प्युटर उत्तम चालतो. बराच वेळ त्याच्यासमोर बसलो.

८ जानेवारी, गुरुवार.
शिरपूरला गेलो. सहज. चोपड्यावरून बस रिकामी मिळाली म्हणून.
गेटवर अभिमन नावाचा वॉचमन. कोणाला भेटायचं? म्हणालो, मेसच्या मॅडमना. जाळीतून आत दिसत होतं. मुलींचा घोळका, मध्ये दिपमाला, हातात पळी. कोणीतरी काहीतरी बोललं आणि ती खळखळून हसली. घरी इतक्या मोठ्याने हसलेली ऐकली नव्हती. आमचं घर लहान आहे, म्हणून असेल.
"काय काम आहे?" वॉचमनने विचारलं.
मी खूप विचार केला. काम काहीच नव्हतं.
"जेवायला आलोय," म्हणालो.
"पालक का? पालकांचं जेवण मुलींचं झाल्यावर. तिथे बाकावर बसा."
बसलो.