ताईच्या डबीतल्या गोळ्या

ती. ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

माझ्या यकृतावर चरबी आहे हे कळल्यावर तू झाडपाल्याच्या गोळ्या पाठवल्यास. तीन महिने सकाळची पूजा आटोपली की मी त्या भक्तिभावाने घेत होतो. परवा रक्त तपासलं, तर यकृताचे आकडे दुपटीने वाढलेले! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खरं सांगा, किती पिता?"

ताई, मी आयुष्यात थेंबाला शिवलो नाही. तसं त्यांना सांगितलं. "मग दुसरं काही घेता?" त्यांनी दोनदा विचारलं, आणि मी दोन्ही वेळा नाही म्हणालो. तू पाठवलेलं मला औषध वाटलंच नव्हतं.

रुमाल काढताना खिशातून डबी पडली. "अहो, हेच ते! आजपासून बंद," त्या ओरडल्याच.

राग माझाच येतो. तुझाही थोडा येतो, खोटं कशाला बोलू? "झाडपाल्याने काय होणार?" असं तूच म्हणाली होतीस.

भाऊजींनाही त्याच गोळ्या देतेस ना? त्यांच्या पायांची सूज उतरली का? गोळ्या आजच थांबव आणि त्यांना डॉक्टरकडे ने. डबी तू स्वतः डॉक्टरांच्या टेबलावर ठेव. विचारलं तर भाऊजीही नाहीच म्हणतील. तू दिलेली आहे ना.

तुझा रुसलेला,
धाकटा